गोष्ट पिकवावी कशी आणि बाजारात न्यावी कशी?



या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, फवारणी आणि बाजारभाव यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण गावाच्याच कामाचा आहे.

कामानिमित्त गावोगाव फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. दर चार-दोन गावांमागे एखादा तरी माणूस असा भेटतो, की ज्याच्या घरी ट्रंकेत कथांच्या वह्या पडलेल्या असतात. कुणी कोरडवाहू शेतकरी असतो, कुणी ग्रामपंचायतीत शिपाई, कुणी अंगणवाडीची ताई. विचारलं तर म्हणतात, "आमचं कोण छापणार साहेब?" दुसऱ्या बाजूला, घाई करून पदरचे पैसे घालून पुस्तक काढलेलेही भेटतात. त्यांच्या घरी खताच्या पोत्यांशेजारी पुस्तकांचे गठ्ठे रचलेले असतात. काहींना तर आपण कशावर सही केली हेही नीट ठाऊक नसते.

म्हणजे एकीकडे माल घरातच कुजतो आणि दुसरीकडे तो मातीमोल भावाने जातो. पिकाच्या बाबतीत असे झाले तर आपण गप्प बसत नाही. मग लिखाणाच्या बाबतीत का बसावे? म्हणून आज गोष्ट लिहायची कशी आणि ती छापखान्यापर्यंत न्यायची कशी, हे एका मोठ्या लेखकाच्या वाटचालीवरून पाहू. ते लेखक म्हणजे आपल्या माणदेशातले व्यंकटेश माडगूळकर.

लिहून ठेवले नाही तर काय जाते?

आधी एक उदाहरण घ्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी शेतात राबता राबता, जात्यावर दळता दळता ओव्या रचायच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरातल्या माणसांनी त्यातल्या काही रचना कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ते कागद आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवले आणि १९५२ साली पुस्तक निघाले. कागदावर उतरल्या तेवढ्याच आज आपल्या हाती आहेत. बाकीच्या त्यांच्याबरोबर गेल्या.

ही झाली गाण्यांची गोष्ट. आपल्या गावच्या माणसांच्या गोष्टींचेही तसेच आहे. मोटेवर गाणी म्हणणारा, १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढलेला, बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखणारा माणूस आज ऐंशीच्या घरात आहे. त्याच्याकडे आहे ते कुठल्या दप्तरात नोंदलेले नाही.

शिक्षण कमी म्हणून अडत नाही

"आम्ही कुठे एवढे शिकलो?" ही अडचण पुष्कळ जण सांगतात. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात वाटेगाव आहे. तिथे १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. पुढे मुंबईत कष्टाची कामे करता करता ते अक्षर शिकले आणि त्यांनी कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

माडगूळकरांचेही औपचारिक शिक्षण फारसे झाले नव्हते. १९२७ साली माडगूळ गावी त्यांचा जन्म झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. पाऊस कमी, जमीन हलकी, माणसे मेंढरांच्या मागे फिरणारी. १९४२ च्या चळवळीत ते पोरवयातच उतरले. शाळामास्तरकीचाही अनुभव त्यांनी घेतला. म्हणजे पदवी नव्हती, पण मुलूख पायाखालचा होता आणि माणसे ओळखीची होती. हेच त्यांचे भांडवल ठरले.

एकदम कादंबरी नाही, आधी एकेक माणूस

आता त्यांची छपाईची वाटचाल सालवार बघा. नव्याने लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९४८ च्या सुमारास ते पत्रकारितेत आले. १९४९ साली 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आले. यात एकेका माणसावर एकेक छोटा लेख आहे. धर्मा रामोशी, शाळेतला पोरगा झेल्या, रस्त्यावर खडी-मुरमाचे काम करणारा रामा मैलकुली अशी साधी माणसे. १९५१ साली 'गावाकडच्या गोष्टी' हा कथासंग्रह निघाला. १९५३ साली 'हस्ताचा पाऊस' आला. आणि मग १९५५ साली मौज प्रकाशनाकडून 'बनगरवाडी' ही कादंबरी आली. तीही छोटेखानीच, जाडजूड नव्हे.

त्याच वर्षी ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात रुजू झाले आणि तिथे त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. 'बनगरवाडी'चे इंग्रजी भाषांतर १९५८ साली झाले. अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला तो १९९५ साली, म्हणजे पुस्तकानंतर चाळीस वर्षांनी. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८३ साली, वानरांच्या टोळ्यांवर लिहिलेल्या 'सत्तांतर'साठी. त्याच वर्षी ते अंबाजोगाईच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. पहिल्या पुस्तकापासून मोजले तर मध्ये चौतीस वर्षे गेली. २००१ साली ते वारले.

यातून काय घ्यायचे? पहिल्या वर्षी त्यांनी एकदम मोठे क्षेत्र धरले नाही. आधी गुंठाभर केले. एक माणूस, चार-पाच पाने. त्यावर हात बसला तेव्हा गोष्ट. गोष्टीवर हात बसला तेव्हा कादंबरी. आपल्याकडचे नवे लेखक पहिल्याच वहीत तीन पिढ्यांची कादंबरी धरतात आणि चाळीसाव्या पानावर थांबतात. आंब्याची बाग लावली तर पाच वर्षे थांबायची आपली तयारी असते. लिखाणालाही तेवढी मुदत द्या.

'बनगरवाडी'तून उचलण्यासारखे

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर नेमला जातो. शाळा आहे, पण पोरे नाहीत. पोरे मेंढरांमागे रानात. वाडीचा म्हातारा कारभारी मास्तरला हाताशी धरतो. हळूहळू पोरे येतात. मास्तर वाडीची कागदपत्रांची, तालुक्याच्या गावची कामे करू लागतो. सगळे मिळून तालीम बांधतात, खुद्द राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस दडी मारतो. मेंढरे मरू लागतात, माणसे वाडी सोडून निघून जातात. एवढीच गोष्ट. तरी सत्तर वर्षे झाली, लोक ती वाचतात. याची कारणे माझ्या समजुतीप्रमाणे अशी :

१) माणूस आधी, मत नंतर. दुष्काळ वाईट, सरकार निष्काळजी, असे भाषण या पुस्तकात नाही. औताला दुसरा बैल नाही म्हणून बायको स्वतः जुवाला खांदा लावते, एवढे लेखक दाखवतो आणि पुढे जातो. वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजते. आपल्या गोष्टीत मात्र पाचव्या ओळीला पात्र भाषण ठोकते. ते काढून टाका. कर्जाविषयी सांगायचे असेल तर सोसायटीच्या नोटिशीचा कागद घरात कुठे लपवून ठेवलाय आणि तो कुणाला सापडतो, ते लिहा.

२) सांगणारा पक्का ठरवा. 'बनगरवाडी' मास्तर सांगतो. तो बाहेरून आलेला आहे, म्हणून वाडीतली प्रत्येक गोष्ट त्याला नवी दिसते आणि वाचकालाही दिसते. मास्तरला जे कळू शकत नाही ते पुस्तकात येत नाही. गोष्ट मुलगा सांगतोय असे ठरवले, तर बंद खोलीत बाप-चुलत्याचे काय बोलणे झाले हे त्याला कसे कळले, याचे उत्तर तुमच्याकडे पाहिजे.

३) बोली जपून, पण निर्भयपणे वापरा. माडगूळकरांनी निवेदन साध्या लेखी मराठीत ठेवले आणि माणसांच्या तोंडी माणदेशी बोली दिली. कागलच्या आनंद यादवांनी वेगळे केले. त्यांची 'गोतावळा' ही १९७१ ची कादंबरी नारबा नावाचा शेतगडी सांगतो आणि ती अखंड त्याच्याच बोलीत आहे. ट्रॅक्टर आल्यावर मळ्यातली जनावरे कशी एकेक करून जातात, ते त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. दोन्ही रीती बरोबर आहेत. फक्त एक धरा आणि शेवटपर्यंत निभवा. एका पानावर वऱ्हाडी, दुसऱ्यावर पुस्तकी असे नको.

४) तपशील खरा हवा. 'हस्ताचा पाऊस' हे नाव वाचले की शेतकऱ्याला कळते, सप्टेंबर सरत आला, रब्बीच्या पेरणीची ओल आता येणार. शहरातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागते, तुम्हाला नाही. हे तुमचे घरचे बियाणे आहे, ते सोडून विकतचे आणू नका. मात्र चूकही इथेच पकडली जाते. मृगात शाळू पेरणारा नायक लिहिलात तर गावचा वाचक पुस्तक तिथेच मिटतो.

५) वाक्य आखूड, विशेषणे कमी. "रम्य, मनोहर, हिरवेगार शिवार" असे लिहून शिवार दिसत नाही. कुठले पीक, किती उंच, वरून कीड पडलीय की दाणा भरलाय, हे लिहिले की दिसते. आम्ही पीक पाहणीला जातो तेव्हा "पीक चांगले" एवढा शेरा चालत नाही. गोष्टीतही चालू नये.

लिहून झाल्यावर उगवण तपासा

सोयाबीन पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर बियाणे जास्त लागते किंवा बदलावे लागते. गोष्टीचीही अशी तपासणी करता येते.

पहिला खर्डा झाला की तो महिनाभर बाजूला ठेवा. मग मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. नंतर दोन-तीन माणसांना वाचून दाखवा. त्यात एक माणूस त्या कामातला जाणता हवा. मेंढपाळावर लिहिले असेल तर मेंढपाळ, कारखान्यावरच्या टोळीवर लिहिले असेल तर ऊसतोड कामगार. "कसं वाटलं?" असे विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. "कुठं कंटाळा आला? कुठं खोटं वाटलं?" असे विचारा. जिथे दोघांनी एकच जागा दाखवली ती जागा पुन्हा लिहा. वाईट वाटेल, पण निंदणी केल्याशिवाय पीक येत नाही.

आणि वाचन सोडू नका. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात १९६७ सालापासून आहे आणि अनेक गावांत अनुदानित वाचनालये आहेत. गावात नसेल तर तालुक्याला असते. वर उल्लेख केलेली पुस्तके तिथे मागा.

कुठे पाठवावे?

पुस्तक ही शेवटची पायरी आहे. आधी सुटी गोष्ट छापून येऊ द्या. मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासूनची आहे आणि दर वर्षी शेकडो अंक निघतात. पण दिवाळीच्या तोंडावर पाठवलेले लिखाण उपयोगी पडत नाही. तीन-चार महिने आधी, म्हणजे खरिपाची पेरणी उरकली की पाठवावे. कागदाच्या एकाच बाजूला सुवाच्य लिहावे किंवा टाइप करून घ्यावे. नाव, पत्ता, फोन शेवटच्या पानावर द्यावा. मूळ प्रत कधीही पाठवू नये, झेरॉक्स पाठवावी. एक गोष्ट एका वेळी एकाच संपादकाकडे द्यावी. उत्तर आले नाही तर दोन-तीन महिन्यांनी विचारावे, मग दुसरीकडे पाठवावे. साभार परत आली म्हणून वही फेकू नका. एका बाजारात भाव मिळाला नाही म्हणून आपण माल ओतून येत नाही.

आठ-दहा गोष्टी छापून आल्या की पुस्तकाचा विचार करा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. अर्जाची मुदत आणि अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात. ज्यांचे अजून एकही पुस्तक नाही, त्यांनी ही संधी आधी बघावी. पदरचे पैसे नंतर.

सही करण्यापूर्वी

बंधूंनो, सर्वांत जास्त नुकसान इथे होते, म्हणून हा भाग नीट वाचा.

तुम्ही लिहिलेल्या गोष्टीचा हक्क ती लिहिल्याबरोबर तुमचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मागे साठ वर्षे टिकतो. म्हणजे माडगूळकरांच्या पुस्तकांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत चालेल. तुमच्या मुला-नातवांना मिळणारी ही मालमत्ताच आहे. सातबाऱ्यावरच्या जमिनीइतकीच ती जपा.

जमीन खंडाने देणे आणि खरेदीखत करून देणे यातला फरक तुम्हाला सांगायला नको. पुस्तकाचेही तसेच आहे. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक आवृत्तीसाठी छापायची परवानगी देणे हा झाला खंड. "सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे" अशी ओळ असेल तर ते झाले खरेदीखत. ती ओळ दिसली की थांबा.

हक्क देण्याचा करार लेखीच हवा असे कायदा सांगतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो हक्क सुटतो. चित्रपट, नाटक, भाषांतर यांचे हक्क वेगळे आहेत, ते वेगळे लिहून घ्या. 'बनगरवाडी'चा चित्रपट चाळीस वर्षांनी झाला हे आठवा. आज कुणी विचारत नाही म्हणून फुकट सोडू नका.

हिशेबही करून बघा. समजा, पुस्तकाची किंमत २५० रुपये, मानधन दहा टक्के आणि ५०० प्रती खपल्या, तर तुमच्या हाती १२,५०० रुपये येतात. त्यासाठी कुणी तुमच्याकडूनच पन्नास-साठ हजार मागत असेल, तर ते प्रकाशन नव्हे, ती छपाई झाली. छपाई करून घेण्यात गैर काही नाही, पण मग प्रती किती, कागद कोणता, विकणार कोण, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे सगळे लेखी ठरवा. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक लागतो. तो देणारी सरकारी यंत्रणा त्यासाठी शुल्क घेत नाही. त्याच्या नावावर कुणी मोठी रक्कम लावली तर विचारणा करा.

गावच्या अधिकारी मंडळींना

ग्रामपंचायत, महसूल, शाळा, आरोग्य या कामांतले पुष्कळ जण चांगले लिहितात. तुमच्यासमोर गावाचे सगळे सुखदुःख येते. पण दप्तरातली नावे, आजार, भांडणे जशीच्या तशी गोष्टीत घालू नका. माणूस ओळखू येणार नाही इतके बदला. छापण्याआधी सेवेचे वर्तणूक नियम पाहा आणि शंका असेल तर वरिष्ठांना लेखी विचारा.

आणि एक विनंती. ग्रामसभेला गाव जमते, तेव्हा विषयपत्रिका संपल्यावर पंधरा मिनिटे गावातल्या लिहिणाऱ्याला वाचायला द्या. त्याला खर्च काही नाही. लिहिणाऱ्याला ऐकणारे मिळतील आणि म्हातारी माणसे "असं नव्हतं, असं होतं" म्हणून आपणहून सांगू लागतील.

आता रब्बीची पाणीपाळी सांभाळून एवढे करा. एक शंभर पानी वही आणा. गावातले सर्वांत वयस्कर माणूस निवडा. त्यांच्याजवळ तासभर बसून त्यांनी आयुष्यभर केलेल्या एका कामाविषयी विचारा. मोटेचे, मेंढरांचे, सुईणपणाचे, जे असेल ते. घरी येऊन दोन पाने लिहा आणि पुढच्या आठवड्यात ती त्यांनाच वाचून दाखवा. ते जिथे "नाही" म्हणतील तिथे दुरुस्त करा. मग दुसऱ्या माणसाकडे जा.